रडल्याबद्दल मिळालेलं पदक

१

देव्हाऱ्यातलं पदक गेल्याची बातमी घरातल्या माणसांच्या आधी अख्ख्या जिल्ह्याला कळली.

शुक्रवारी सकाळी धावड्यात अंगदच्या घरी जालन्याहून आदिनाथ नावाचा एक तरुण आला होता. त्याचं मोबाइलवर चॅनल होतं. एकेकाळी नाव कमावलेली आणि पुढे विस्मरणात गेलेली माणसं तो हुडकून काढी, त्यांच्या भिंतींचे पोपडे दाखवी, त्यांना रडवी आणि शेवटी हात जोडून विचारी, ‘मित्रांनो, हीच का आपली माणुसकी?’

अंगदसारखा माणूस त्याला शोधून सापडला नसता. नऊ वर्षांचा असताना अंगदने ‘आभाळकुरण’ नावाच्या सिनेमात धनगराच्या पोराचं काम केलं होतं. मेलेल्या कोकरासाठी ते पोर रडतं, तो प्रसंग पाहून थिएटरात बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले आणि दिल्लीत अंगदच्या गळ्यात रुपेरी पदक पडलं. आणखी दोन सिनेमे झाले. मग आवाज फुटला, मिसरूड फुटलं, बोलावणी थांबली. आता पस्तिशीतला अंगद बापजाद्यांसारखा मेंढ्या राखत होता. त्याच्या आईने, जयवंताबाईंनी, पदक देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवलं होतं. टाकाला हळदकुंकू वाहिलं की पदकालाही वाहायचं, हा त्यांचा रोजचा नेम.

आदिनाथने काठीला मोबाइल लावला, ‘लाइव्ह’ सुरू केलं, म्हातारीला बाजूला सारलं आणि देव्हाऱ्याचा पडदा स्वतःच ओढला. क्षणभर तो आत वाकला. मग कॅमेऱ्याकडे वळला.

“मित्रांनो, जागा रिकामी आहे. पदक नाही. कुठं गेलं असेल? कशासाठी गेलं असेल? एका उपाशी कलाकारानं...”

पुढचं वाक्य त्याने मुद्दामच सोडून दिलं. ते बघणाऱ्यांनी पुरं केलं. दुपार व्हायच्या आत जिकडेतिकडे एकच बोललं जाऊ लागलं: विकलं. पदक विकून प्याला.

संध्याकाळी जयवंताबाईंचा निरोप तातेराव गुरुजींच्या घरी आला.

तातेराव आष्टीच्या शाळेतून निवृत्त होऊन गावी परतले होते आणि गावचं वाचनालय सांभाळत होते. स्वभाव असा भिडस्त की चपला चुकून कुणी घालून गेला तर अनवाणी घरी येतील, पण हाक मारणार नाहीत. मात्र एकदा शाळेचा हरवलेला लाउडस्पीकर त्यांनी बसल्या जागी विचार करून शोधून दिला होता. तेव्हापासून गाव त्यांना ‘सीआयडी गुरुजी’ म्हणे, आणि ते प्रत्येक वेळी ओशाळत. लाउडस्पीकर शाळेच्याच गच्चीवर होता, यात आपलं कसलं कर्तृत्व?

“मी कशाला जाऊ?” ते बायकोला म्हणाले. “मला काय कळतं?”

कांताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “एवढा चोऱ्यामाऱ्यांच्या पुस्तकांचा ढीग वाचून काढला. एखादी चोरी तरी सापडू द्या.”

“अगं, पुस्तकातला चोर लेखकाला आधीच माहीत असतो.”

“मंग जाऊन माहीत करून घ्या. त्या म्हातारीचा लेक दारू पीत न्हाई, हे गावाला ठाऊक आहे. तरी गावच बोलून राह्यलं. तुम्ही घरात बसा, पुस्तक वाचा!”

तातेरावांनी चपला शोधल्या.

२

जयवंताबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तोंडात एकही दात नव्हता. देव्हाऱ्यावर त्यांनी जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं.

“तसंच झाकून ठेवलंय कालपासून,” असं म्हणता म्हणता त्या थबकल्या. “काल कुठलं, सकाळपासून. दिवस कळंना मला. गुरुजी, पूजा केली न्हाई आज. कोणत्या तोंडानं करू? त्यानं विकलं असंल तर मला बिलकुल खरं सांगायचं. न्हाई विकलं, तर परवाच्या आत गावाला सांगायचं. परवा सत्कार आहे त्याचा. लोक दगड मारतील न्हाईतर हसतील.”

“शेवटचं कधी होतं?”

“बेस्तरवारी सकाळी मीच कुंकू लावलं. मला दिसत न्हाई, पण बोटाला कळतं. गार लागायचं ते.”

म्हणजे गुरुवारी सकाळनंतर आणि शुक्रवारी आदिनाथ येण्याआधी. तातेराव देवघराच्या उंबऱ्याशी घुटमळले. त्यांच्या घरातले देव आजोबांनीच विसर्जित केले होते. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात बघायचं कसं, हेसुद्धा त्यांना उमगेना.

“या ना आत, गुरुजी,” म्हातारी म्हणाली. “देव काय चावत न्हाई.”

लुगडं बाजूला केलं. बिरोबाचा टाक होता, पितळी घंटी होती. पिवळ्या फडक्यावर पदकाच्या आकाराचा गोल डाग वर्षानुवर्षांच्या कुंकवाने उमटला होता. खालच्या कोनाड्यात काडेपेटी, तेलाची बाटली, वातींची पुडी आणि एक अख्खी सुपारी होती. कडी मोडलेली नव्हती, काही विस्कटलेलं नव्हतं. तातेरावांना यातून काहीच सुचलं नाही. पुस्तकात अशा वेळी काहीतरी चमकतं.

चहा करायला जयवंताबाई गुडघे धरत उठल्या. सून शिवकन्या ओसरीच्या टोकाला पोत्यावर बसून लोकर पिंजत होती. ती उठली नाही. सासू धडपडत चूल पेटवते आणि धडधाकट सून बसून राहते, याचं तातेरावांना नवल वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी दुसरंच विचारलं.

“गुरुवारी घरी कोण आलं होतं?”

“हे चॅनलवालं पोरगं आल्तं, जागा बघायला. आमचे चुलतदीर, कल्याणदाजी, आल्ते. दोघंबी आत जाऊन आत्याबाईसंग बोलले, भिंती बघितल्या, रंग नका देऊ म्हणले. पोपडे चांगले दिसतेत म्हणे!” शिवकन्याच्या हातातली लोकर ताणली गेली. “आणखी काय विचारायचंय? मीच चोरलं का, हेच ना? विचारा की.”

“नाही, नाही, मी तसं...”

“गाव विचारून राह्यलंय. एकदा मी म्हणले होते, हे पदक हिरीत टाका म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकलं. म्हणलेच होते, आणि आजबी म्हणते. माझा नवरा पाऊसपाण्यात कळप राखतो, रानात लांडगा हाकलतो. आणि लोक त्याच्याकडं बघून म्हणतेत, बिचारा! त्या पदकापायी बिचारा म्हणतेत. मला अंगार लागतो, गुरुजी.”

“मग रविवारचा सत्कार?”

“सत्कार कशाचा? ह्यांनी स्टेजवर जायचं, पदक हातात धरायचं, त्या सिनेमासारखं रडायचं, आणि म्हणायचं हे घ्या पण मला काम द्या. कल्याणदाजी आणि त्या पोरानं इथं ओसरीवर बसून ठरवलं. माझ्यासमोर, मी ह्याच पोत्यावर होते.”

“अंगद काय म्हणाला?”

“न्हाई म्हणले. एकदाच. दुसऱ्यांदा सांगायची सवय न्हाई त्यांना. संध्याकाळी घरात गेले, आईच्या देवाच्या पाया पडले, घोंगडी घेतली आणि निघाले कळपाकडं.” ती थांबली. आवाज जरा उतरला. “जाताना हसत होते. लई दिवसांनी हसले.”

तातेरावांनी मनाशी हिशेब केला. गुरुवारी संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी शेवटचा गेलेला माणूस अंगदच होता.

३

शनिवारी सकाळी ते शिवाराकडे निघाले, तर वाटेतच कल्याण भेटला. शाळेच्या मैदानावर तो मांडव घालून घेत होता. अंगदचा हा चुलतभाऊ येत्या निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत होता. त्याच्यामागे फ्लेक्सवर त्याचाच मोठा फोटो होता आणि कोपऱ्यात बिल्ल्याएवढा नऊ वर्षांचा अंगद रडत होता.

“सर, जल्दी शोधा,” कल्याण म्हणाला. “साहेब येणार आहेत. मी काय दाखवू त्यांना स्टेजवर? मेंढ्या?”

“तुझा कुणावर संशय?”

“खरं सांगू? भाऊच आहे माझा, पण विकलं असंल. माणूस थकतो. मी तर म्हणतो, विकलं म्हणून कबूल कर. त्याचाबी कार्यक्रम होतो. आणखी गर्दी होईल.” तो दोरी बांधणाऱ्याकडे वळून ओरडला, “ए, तो फोटो सुरकुतला, ताण बराबर!”

तातेराव वाटेला लागले. त्यांना उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी सुचत.

कळप गावाबाहेर मक्याच्या कापलेल्या रानात चरत होता. पुढे कवडी नावाची काळी मेंढी होती, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, गळ्यात घंटा. लोकर मानेवर दाट वाढलेली. ती चालली की घंटा ठणठण वाजायची, ही ओळखीची गोष्ट. आज मात्र आवाज घोगरा येत होता. ठक, ठक.

अंगद बांधावर काठीला टेकून उभा होता. अंगाने शिडशिडीत, डोळ्यांत अजून त्या पोरासारखं काहीतरी टपोरं. त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करावी, हे तातेरावांना कळेना.

“कवडीच्या घंटेला चीर गेली का रे?” त्यांनी विचारलं.

“घंटा बरी आहे, गुरुजी. सोबतीला पाव्हणा आला की आवाज बदलतोच कुणाचाबी.”

“अंगद, गाव काय बोलतंय, ऐकलंस?”

“ऐकलं. पोपटासारखं एकच बोलून राह्यलेत.”

“तू विकलंस का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला... मला माहीत नाही,” तातेराव कसेबसे म्हणाले.

अंगद हसला. त्या हसण्यात राग नव्हता. “गावात तुम्ही एकटेच असे, ज्याला माहीत न्हाई. बाकी समद्यांना ठाऊक आहे.”

“मग सांग ना. एका शब्दाचं काम. नाही विकलं म्हण, मी मैदानावर जाऊन सांगतो.”

“कुणाला सांगू? ज्यांनी विचारलंच न्हाई, त्यांना?” त्याने काठी उचलली. “माझ्या आईला ठाऊक आहे, गुरुजी. माझ्यासाठी तेवढं बस झालं. बाकीच्यांना बोंबलू द्या. सत्काराला मी येणार न्हाई. पोलीस पाठवायचे तर पाठवा.”

जीभ टाळूला लावून त्याने एक आवाज काढला आणि कळप वळला. तातेराव बांधावर उभे राहिले. आईला ठाऊक आहे. आईला आपला लेक ठाऊक असतोच, त्यात काय. आणि तरी आई लुगडं टाकून बसली होती. लेकावर एवढा भरवसा असलेली म्हातारी ‘विकलं असंल तर खरं सांगा’ असं कशाला म्हणाली?

दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं, नाहीतर दोघांनाही काहीतरी माहीत नव्हतं.

४

आदिनाथ वाचनालयाच्या पायरीवर मोबाइल चार्जिंगला लावून बसलेला सापडला. जवळून पाहिला तर पोरगेलाच होता. बुटाचा तळ उकललेला.

“सर, मी चोर नाही,” तो आधीच म्हणाला. “मला पदक पाहिजे होतं. रविवारी स्टेजवर पदक, मागे सिनेमातला रडण्याचा सीन, पुढे खरा अंगद. असा क्लायमॅक्स कोण सोडेल? पदक गेल्यानं माझं नुकसानच झालं.”

“पण तुझा व्हिडिओ तर गाजला.”

“गाजला, पण शेवट नाही त्याला.” मग जरा ओशाळून म्हणाला, “आणि व्ह्यूज नसले, तर मी तरी कुठं आहे? माझ्यावर कोण व्हिडिओ करणार?”

तातेरावांना त्याची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. त्यांनी व्हिडिओ दाखवायला सांगितला. असल्या गोष्टी ते पाहत नसत. पडदा सरला, पाठोपाठ आदिनाथचं कोपर आडवं आलं, मग तो बाजूला झाला आणि रिकामा डाग दिसला.

“परत लाव. सुरुवातीचं.”

पडदा सरला. कोपर येण्याआधी, पापणी लवावी इतकाच वेळ, पिवळ्या फडक्यावरच्या त्या गोल डागाच्या बरोबर मध्यभागी काहीतरी लहान, तपकिरी, गरगरीत दिसलं.

“हे काय आहे?”

आदिनाथने डोळे बारीक केले. “हां, ते. खडा होता का सुपारी. फ्रेम रिकामी पाहिजे होती ना, मधेच घाण दिसत होती. उचलून खालच्या कोनाड्यात ठेवली.”

कोनाड्यातली अख्खी सुपारी. तातेरावांना काल ती दिसली होती आणि त्यांनी ती नुसती पाहून सोडून दिली होती. तोंडात एकही दात नसलेल्या म्हातारीच्या घरी अख्खी सुपारी कुणासाठी?

ते जवळजवळ पळतच जयवंताबाईंकडे गेले. दारातच त्यांनी विचारलं, “आई, देव्हाऱ्यात सुपारी कशासाठी ठेवतात?”

“कशासाठी म्हंजे? देव जत्रेला, भेटीला न्हेला, की त्याची जागा उघडी ठेवत न्हाईत. सुपारी ठेवायची. देव आला माघारी, की सुपारी उचलायची. तुमच्यात न्हाई का?”

“आमच्यात नाही.”

“खरंच की. इसरले मी.” म्हातारीने पांढुरक्या डोळ्यांनी त्यांच्या दिशेने पाहिलं. “पण औंदा आमचा देव कुठंच गेला न्हाई. का हो?”

तातेरावांच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण लाउडस्पीकर गच्चीवरच आहे, हे त्या वेळीसुद्धा शिडी चढून पाहिल्याशिवाय ते बोलले नव्हते. त्यांनी कोनाड्यातली सुपारी म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

“ही सांभाळून ठेवा. उद्या सांगतो.”

५

रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी कांताबाईंपुढे सगळं मांडलं. मोठ्याने बोललं की आपल्या तर्कातली भोकं दिसतात, असा त्यांचा अनुभव होता. शिवाय कांताबाईंना ती त्यांच्याआधी दिसत.

“ज्यानं पदक उचललं, त्यानं जागेवर सुपारी ठेवली. म्हणजे ते पदक त्याच्या लेखी देवाइतकं आहे, निदान त्या जागेचा मान त्याला मोडवत नाही. आदिनाथला सुपारी म्हणजे घाण वाटली. तो नव्हे.”

“बराबर.”

“जयवंताबाईंनी ठेवली असती, तर त्यांना ठाऊक असतं. उरले कल्याण, शिवकन्या आणि अंगद. कल्याणला पदक स्टेजवर हवं होतं, ते लपवून त्याचा मांडवच बसतो. शिवकन्या मात्र...” ते अडखळले. “ती म्हणाली होती विहिरीत टाका. आणि सासू चहा करत होती तरी ती जागची हलली नाही. ते काही मला...”

कांताबाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, बाजूला बसलीय ती! पोत्यावर बसलेली दिसली, चुलीला शिवत न्हाई दिसली, तरी कळलं न्हाई? चोराचं बूट बघून त्याची उंची सांगणारी पुस्तकं वाचता आणि घरातल्या बाईचं एवढं कळत न्हाई.”

तातेराव कानापर्यंत लाल झाले. पण डोकं चालू लागलं. “मग तीही नव्हे. सुपारी ठेवण्याइतका नेम जी पाळते, ती त्या दिवसांत देव्हाऱ्याला हात लावणार नाही. आणि जी हात लावायला कचरत नाही, ती सुपारी कशाला ठेवेल?”

“म्हंजे अंगदच.”

“अंगदच. पण ऐक, यातच त्याची सुटका आहे. विकलेल्या देवासाठी कुणी सुपारी ठेवत नाही. सुपारीचा अर्थच मुळी देव माघारी येणार. ती त्यानं आईसाठी ठेवली होती. कॅमेरा आला, तर कॅमेऱ्याला सुपारी दिसेल, आणि आई बोटांनी चाचपून समजून जाईल. म्हणून तो म्हणाला, आईला ठाऊक आहे.”

कांताबाईंचा घास हातातच राहिला. “आणि म्हातारीपर्यंत सुपारी गेलीच न्हाई. तिकडं ती रडून राह्यली आणि हा रानात छाती काढून उभा.”

“हो.”

“मंग पदक हाय कुठं?”

तातेरावांनी ताटाला चमच्याने हलकेच ठोकलं. ताट वाजलं. मग त्यांनी एक बोट ताटाला लावलं आणि पुन्हा ठोकलं. ठक.

“पाव्हणा आलाय,” ते म्हणाले.

६

रविवारी सकाळी मक्याच्या रानात अंगद कळप मोकळा करत होता. तातेराव थेट कवडीकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची परवानगी न घेता त्यांनी हात घातला. मानेवरच्या दाट लोकरीत, घंटेला टेकून, गार धातू लागला.

“शोधलं म्हणायचं,” अंगद म्हणाला. “शाबास गुरुजी.”

“हिच्या गळ्यात का?”

अंगद कवडीजवळ आला. मग म्हणाला, “तो रडायचा सीन तुम्ही बघितलाय ना?”

तातेरावांनी तो किती वेळा पाहिला होता आणि दर वेळी डोळे पुसले होते. त्यांनी मान डोलावली.

“मला रडता येईना. दिवसभर उभं केलं. मंग त्यांनी माझं कोकरू न्हेलं, माझं स्वतःचं, घरून आणलेलं. आणि येऊन म्हणले, गाडीखाली मेलं. मी रडलो. ते काम नव्हतं, गुरुजी. झाल्यावर समद्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जीपच्या मागून कोकरू सोडलं. जित्तं. ते ओरडत माझ्याकडं पळत आलं आणि मला काय समजंना, मी अजूनच रडलो. तेबी घेतलं त्यांनी.” त्याने कवडीच्या कपाळावरचा ठिपका खाजवला. “त्या कोकराचं नाव कवडी. ही तिच्या लेकीच्या लेकीची कुणीतरी. ठिपका येतो त्यांच्यात. पदक त्या रडण्याचं आहे. आता तेच रडणं परत मागत्यात, म्हातारपणी उधारी मागावी तसं. मंग मी म्हणलं, ज्याचं आहे त्याच्या गळ्यात बांधू. मी हरलेला माणूस न्हाई. मुंबईत माझी भूमिका संपली, मी माझ्या पायानं घरी आलो. हे काम मला येतं आणि आवडतं. ह्यात रडण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी दाखवा!”

तातेरावांना आपले पुसलेले डोळे आठवले. मग त्यांनी ते सांगितलं, ज्यासाठी ते आले होते.

“अंगद, तुझ्या आईला ठाऊक नाही.”

“सुपारी ठेवली होती मी.”

“त्या पोरानं चित्र रिकामं दिसावं म्हणून ती उचलली. आईच्या बोटाला ती लागलीच नाही. शुक्रवारपासून तिनं पूजा केलेली नाही. तिनं मला विचारलं, त्यानं विकलं असेल तर मला सांगा.”

अंगदच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा एका क्षणात उतरला. गावाने विकलं म्हटलं, दारुडा म्हटलं, तेव्हा जे झालं नव्हतं, ते आता झालं. त्याने काठी हातात घेतली, जिभेने आवाज काढला आणि कळप गावाच्या दिशेने वळवला. सरळ, मधल्या वाटेने. ती वाट शाळेच्या मैदानावरून जात होती.

मांडव भरला होता. कल्याण माइकवर होता. पहिल्या रांगेत जयवंताबाईंना आणून बसवलं होतं. शिवकन्या मांडवाबाहेर लिंबाखाली हात बांधून उभी होती, कुणी एक शब्द बोललं तर अंगावर जाईन अशी. आणि खुर्च्यांच्या रांगांमधून मेंढ्या घुसल्या.

“अंगद! अरे, इथं कार्यक्रम...” कल्याण ओरडला. एका मेंढीने स्टेजला लावलेल्या झेंडूच्या माळेला तोंड घातलं.

आदिनाथ मोबाइल घेऊन पळत पुढे आला. “दादा, इकडं बघा. दोन शब्द. जरा भावुक होऊन.”

अंगद थांबला. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं, नऊ वर्षांच्या पोराने बघितलं असेल तसं, सरळ. “माझं रडणं एकदा घेतलंय,” तो म्हणाला. “ते परत मिळायचं न्हाई. आणि दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातलं काही उचलायचं असंल, तर आधी इचारायचं.”

मग तो आईपुढे वाकला, तिचा हात धरून कवडीच्या मानेवर नेला. म्हातारीची बोटं लोकरीत शिरली. थांबली. पदकाच्या कडेवरून गोल फिरली, वर्षानुवर्षं कुंकू लावताना फिरायची तशी.

जयवंताबाईंनी कमरेची पिशवी सोडून त्यातली सुपारी काढली आणि लेकाच्या हातावर ठेवली.

“मेल्या,” त्या म्हणाल्या, “तोंड न्हाई का तुला?”

कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच हसले. स्टेजवरून कल्याण घाईने म्हणाला, “सापडलं! पदक सापडलं! काकू, सोडा ते, द्या इकडं, साहेबांच्या हस्ते अंगदच्या गळ्यात...”

जयवंताबाईंची बोटं दोरीच्या गाठीवर होती. त्यांनी गाठ चाचपली. मग ती सोडली नाही, ओढून आणखी घट्ट केली.

“राहू दे हितंच,” त्या म्हणाल्या. “शोभतंय.”

“मग देव्हाऱ्यात काय, आई?” तातेरावांनी विचारलं. एवढ्या लोकांत आपण बोललो, हे त्यांना नंतर उमगलं.

“सुपारी हाय की. देव रानात गेलाय, गुरुजी. दिवस मावळला की मेंढ्यांसंग येईल.”

अंगदने सुपारी आईच्या पिशवीत परत टाकली आणि जिभेने आवाज काढला. शिवकन्या लिंबाखालून निघाली आणि कळपाच्या दुसऱ्या बाजूने चालू लागली. कल्याणच्या हातातला माइक चालूच होता. कवडी त्याच्यासमोरून गेली, तेव्हा सगळ्या गावाने लाउडस्पीकरवर ऐकलं: ठक, ठक, ठक.